तापट म्हटलेलं मशीन

कांबळे साहेब गेले, हे मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. चिंचवडच्या थांब्यावर चढलेल्या एकानं पुढच्या बाकावरच्याला सांगितलं आणि मागे बसून मी ते ऐकलं... त्याला आता काही आठवडे झाले, तरी काम अडलं की पाय अजून त्यांच्या टेबलाकडेच वळतात.

मी खेडच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. भोसरीच्या या कारखान्यात लागलो तेव्हा इंग्रजी मॅन्युअल वाचताना अडायचो आणि विचारायला लाजायचो. साहेब आमच्या देखभाल विभागाचे प्रमुख. माझा चेहरा बघून म्हणायचे, "हे वाक्य मलाही नीट लागलेलं नाही. चला, मशीनवर जाऊनच बघू." त्यांना ते चांगलं लागलेलं असायचं, हे मला फार उशिरा उमगलं.

वीजकपातीच्या त्या वर्षांत आमच्याकडे वीज तयार करणारी दोन गॅस टर्बाइन होती, अगदी एकाच बनावटीची. कामगार त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. सारख्याच लोडवर धाकटीतून बाहेर पडणारा वायू थोरलीपेक्षा जास्त तापलेला असे आणि हा फरक वाढत चालला होता. पण "धाकटी तापटच आहे, राव" म्हणून सगळे हसायचे, मीसुद्धा. एक दिवस ती इतकी तापली की आपोआप बंद पडली आणि तिच्या विजेवर चालणाऱ्या शेजारच्या फाउंड्रीचं, लोखंड ओतण्याचं, काम अडलं. तेव्हा पाळीवर ऑपरेटर होते तळवड्याचे बबनराव. मॅनेजरच्या केबिनमध्ये ते हात जोडून म्हणाले, "साहेब, आमी काय बी केलं न्हाई. ती पहिल्यापास्नं तापटच हाय, समद्यांना ठावं हाय."

"ठाऊक होतं ना? मग लोड कशाला वाढवलास?" मॅनेजर म्हणाले.

बबनरावांच्या निलंबनाचा आदेश तयार होता, फक्त कांबळे साहेबांची सही राहिली होती. साहेबांनी पेन उचललंच नाही. म्हणाले, "तापट माणूस असतो. मशीन का तापलं ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही." बाहेर आल्यावर बबनरावांना हळूच म्हणाले, "तो शब्द आता पुन्हा काढू नका. तुमच्याच अंगाशी येतोय."

मग त्यांनी दोन्ही मशीनची तापमान मोजणारी थर्मोकपलं आपसांत बदलायला लावली. फरक धाकटीकडेच राहिला, म्हणजे मोजण्यात चूक नव्हती. मॅनेजरना समोर उभं करून दोन्ही मशीन सारख्या लोडवर चालवली. धाकटीच जास्त तापली, म्हणजे दोष लोडचाही नव्हता. तेव्हा साहेब मला घेऊन इमारतीबाहेर गेले. धाकटीचं हवा ओढणारं तोंड फाउंड्रीच्या बाजूला होतं. फिल्टरच्या कोपऱ्यातलं रबर आक्रसून फट पडली होती. साहेबांनी आतून रुमाल फिरवला, तो काळा निघाला. फाउंड्रीची धूळ त्या फटीतून हवा दाबून आत भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसली होती. हवा कमी जात होती, म्हणून वायू जास्त तापत होता. पाती धुतली, रबर बदललं, आणि दोन्ही मशीनचे आकडे जवळ आले. आदेश रद्द झाला. साहेबांनी नवा रुमाल घेतला, एवढंच.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी साहेबांना आदरांजली वाहायला पिंपरीत त्यांच्या घरी दाटी होती. बबनराव दाराशीच बसले होते. लोक पांगल्यावर ते साहेबांच्या पत्नीपुढे, वहिनींपुढे आले. "वहिनी, साहेबांनी तवा माझी नोकरी वाचवली. त्या नोकरीवर माझी पोरगी शिकली, मास्तरीण झाली."

वहिनी गोंधळून म्हणाल्या, "हे कधीच काही बोलले नाहीत हो घरी."

बबनरावांनी कोपऱ्यातल्या साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "बोलतील कशाला? त्यास्नी वाटलं, आपण मशीनच दुरुस्त केली..."