फलाटावरची चार सेकंदं

खू बूनतेकला तैवानातल्या मादौ गावात पूर्ण नावानं कुणी हाक मारली नाही. तो सगळ्यांचा आतेक. सोळाव्या वर्षी तोंगमिंग टॉकीजच्या मशीनच्या खोलीत शिरला, तो टॉकीजला कुलूप लागेपर्यंत ऑपरेटर म्हणून तिथंच राहिला. कुलूप लागल्यावर मशीन तीनचाकी गाडीवर घातलं आणि देवळादेवळांतून फिरला. नवस फेडायला लोक देवाला सिनेमा दाखवत, अजूनही दाखवतात. पडदा देवाच्या तोंडासमोर लावायचा, पुढची जागा मोकळी सोडायची, आणि एकही माणूस आला नाही तरी रीळ शेवटपर्यंत चालवायचं. बघणारा बसलेला असतोच. आतेकला असला प्रेक्षक आवडायचा. तो मधेच उठून जात नाही आणि पैसे परत मागत नाही, असं तो म्हणायचा.

माणूस कमी बोलायचा. मशीनच्या खडखडाटानं डावा कान गेला होता, त्यामुळं समोरच्याचं अर्धं ऐकून न ऐकल्यासारखं करायची सोय झाली होती. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारलं तर म्हणायचा, की संध्याकाळचा मी कधी घरी नसतो, बायको कुणाला वाढणार?

तोंगमिंगसमोर आब्वान नावाच्या बाईचं बर्फाचं दुकान होतं. किसलेला बर्फ, वर गोड शिजवलेली लाल चवळी. दुपारचा खेळ सुटला की तिथं गावातले सिनेमावेडे बसत. वाटीतला बर्फ वितळून पाणी होईस्तोवर वाद. आब्वानला रडके सिनेमे लागत. जो बघून बाहेर आल्यावर रुमाल पिळावा लागत नाही तो सिनेमाच नव्हे, असं तिचं मत. न्हावी ब्यो तलवारबाजीचा भक्त. छ्वा मास्तरांना गुप्तहेरांचे सिनेमे आवडत, आणि खुनी कोण हे मध्यंतरातच सांगून टाकायची त्यांना वाईट खोड होती. नव्या नट्यांवरून तर रोज जुंपायची. मास्तर म्हणायचे, या नट्या म्हणजे आपल्याकडची पपनसं. वरून सगळ्या सारख्याच गोल, सोलल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही.

एकोणीसशे पासष्टच्या उसाच्या हंगामात एक सिनेमा लागला. त्याचं खरं नाव गावानं कधी घेतलं नाही. गावासाठी तो ‘फलाटाचा सिनेमा’. दुसऱ्यांच्या घरी भांडी घासून बहीण भावाला शिकवते, आणि मोठा झालेला भाऊ श्रीमंत सासऱ्यासोबत गाडीत बसताना फलाटावरच्या बहिणीला ओळख देत नाही. बहिणीचं काम करणारी को ग्वेतसिम नावाची नवी पोरगी, वय सव्वीस. गाडी सुटते आणि तिचा चेहरा पडदाभर दिसतो. चार सेकंदं.

त्या वर्षी हांग छुनबी नावाची दुसरी एक नटी जोरात होती. ती रडायला लागली की पुढच्या रांगेनं छत्री उघडावी. सगळं मादौ छुनबीचं होतं. ब्यो तर तलवारबाजी सोडून तिच्या बाजूनं भांडायचा.

“ही रडतच न्हाई,” पहिल्या आठवड्यात तो म्हणाला. “सख्खा भाऊ वळख देत न्हाई, आन ही आपली दगडावानी हुबी. छुनबी असती तर फलाट धुऊन काढला असता.”

आब्वाननं त्याला झाडलं. दिवसभर लोकांच्या माना खाली दाबणाऱ्याला तोंड वर करून बघायची सवय कुठली, असं काहीतरी म्हणाली. पण मनातून तिलाही ग्वेतसिम कोरडीच वाटली होती. मास्तरांनी तर निकालच दिला की पोरीला अभिनय येत नाही, वर्षभरात घरी बसेल.

कोपऱ्यात बसलेला आतेक एरवी या वादात पडत नसे. त्या दिवशी पडला.

“पाणी हाय तिच्या डोळ्यात,” तो म्हणाला. “पडत न्हाई, एवढंच.”

“तुझ्या डोळ्यात असंल,” ब्यो म्हणाला. सगळे हसले.

ते आतेकला लागलं. रोज चार खेळ मशीनच्या खिडकीतून तो त्या चेहऱ्याकडे बघत होता. आपण बघतो ते गावाला दिसत नाही, आणि न दिसताच गाव पोरीला घरी बसवायला निघालंय, हे त्याला सोसेना. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी त्यानं ते रीळ टेबलावर काढलं, कात्रीनं एक फ्रेम कापली आणि रीळ पुन्हा सांधलं. सांधा घालताना शेजारची फ्रेम खरवडावी लागते, तीही गेली. एक द्यायची तर दोन जातात, हा त्या कामाचा नियमच. पण सेकंदाला चोवीस फ्रेमा पळतात, दोन गेल्या तर कुणाच्या बापाला कळतंय?

दुपारी त्यानं फ्रेम दुकानात आणली. मास्तरांच्या भिंगाखाली धरून उन्हात बघितली. ब्योनं एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. बर्फाची वाटी तशीच राहिली.

“हाय खरं,” शेवटी तो म्हणाला. “काठावर हाय. आता पडंल की मग पडंल असं झालंय.” आणि फ्रेम परत न देता खिशात घातली.

त्या दिवसापासून ब्यो ग्वेतसिमचा झाला. आब्वानला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, तिला एक. मास्तरांचा एका फ्रेमवर विश्वास बसेना, पुढची-मागची हवी म्हणाले, त्यांना तीन. मग साखर कारखान्यातले लोक आले, शिंपी आला, तिकिटं फाडणारी म्हातारी आली. आतेक प्रत्येकाला पुरावा द्यायचा. ज्याच्या हातात फ्रेम पडली तो माणूस छुनबीला सोडून इकडं आला. तीन आठवड्यांत गाव फिरलं. आपण एका पोरीच्या बाजूनं खटला जिंकला असं आतेकला वाटलं, आणि त्या आनंदात पुरावाच संपत चाललाय हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

टॉकीज बंद पडली तेव्हा वितरकानं जुन्या प्रिंटा रद्दीच्या भावात काढल्या. आतेकनं फलाटाच्या सिनेमाची तेवढी घेतली. देवळांच्या अंगणांत ती फिरली, आणि तिथंही कुणी वाद घातला की आतेकची कात्री चाललीच. होता होता असं झालं की शिटी वाजते, ग्वेतसिम मान वर करते, आणि एकदम रिकामा फलाट. मादौतल्या जुन्या माणसांना फरक जाणवला नाही; ती फ्रेमा घरी ठेवून, चेहरा मनात घेऊन बसलेली. पण एकदा एक तरुण शिक्षक सिनेमा संपल्यावर मशीनपाशी आला आणि म्हणाला, दिग्दर्शक मोठा माणूस दिसतोय, चेहरा न दाखवता सगळं दाखवलं. आतेक त्या दिवशी जेवला नाही. घरी जाऊन कात्री विहिरीत टाकली. तोवर कापायला काही उरलंही नव्हतं.

पहिली फ्रेम कापल्याला सव्वीस वर्षं झाल्यावर, म्हणजे एक्क्याण्णव साली, तैपेईहून यांगबाई आली. जुने तैवानी सिनेमे शोधून जपणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची. या सिनेमाच्या तीन प्रिंटा निघाल्या होत्या; दोन नाहीशा झाल्या, तिसरी आतेकच्या पलंगाखाली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं सांगितलं, की को ग्वेतसिम हयात आहे. कीलुंग बंदरात राहते, माशांचे गोळे विकते. तीन सिनेमांनंतर काम मिळालं नाही; तैवानी बोलीतले सिनेमेच बंद पडले. आणि तिनं हा सिनेमा कधी पाहिलेलाच नाही. लागला तेव्हा दुसरीकडे शूटिंगला होती, नंतर सासरच्यांनी जाऊ दिलं नाही.

“प्रिंट सापडली म्हणून फोन केला, तर एकच विचारलं हो त्यांनी,” यांगबाई म्हणाली. “फलाटावरचा चेहरा आहे का? तो त्यांनी कॅमेऱ्यासमोर चार वेळा दिला होता म्हणे. तीनदा टिपूस गालावर पडला, एकदा नाही पडला. दिग्दर्शकानं कोणता ठेवला ते त्यांना कुणी सांगितलंच नाही. आता दिग्दर्शकही नाहीत.”

आतेकनं डावा कान पुढं केला होता तरी त्याला सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, महिनाभर थांबा, प्रिंट साफ करतो.

तो महिना त्यानं गावभर हिंडून काढला. पासष्टीचा माणूस, सायकलवर, एकेका दारात उभा राहून सव्वीस वर्षांपूर्वी दिलेली नखाएवढी वस्तू परत मागत. शिंप्याच्या घरी कुणाला काही माहीत नव्हतं. कारखान्यातले अर्धे मेलेले, अर्धे पोरांकडे शहरात. ब्योनं आपली फ्रेम दुकानाच्या आरशात खोचली होती; ती वाफेनं चिकटून बसलेली, काढताना चेहरा आरशावरच राहिला. ब्यो ब्लेड हातात घेऊन खाली बसला. “आधी का न्हाई सांगितलंस रं,” एवढंच म्हणाला.

आब्वाननं तिची फ्रेम देव्हाऱ्यात, नवऱ्याच्या फोटोमागं ठेवली होती. एकही ओरखडा नाही. देताना तिनं हात धुतले. छ्वा मास्तर वारले होते. त्यांच्या बायकोनं सांगितलं की त्यांच्या तिन्ही फ्रेमा तिनं क्रियाकर्माच्या दिवशी, गेलेल्या माणसासाठी जाळतात त्या कागदी नोटांबरोबर जाळल्या. “तिकडं त्यांना वाद घालायला काहीतरी हवं ना, आतेक भाऊजी.” आतेकनं मान डोलावली आणि चहा घेतला.

चार सेकंदांच्या शहाण्णव फ्रेमा. हाती लागल्या अकरा. अर्धं सेकंदसुद्धा नाही, आणि अकराही चेहऱ्याच्या सुरवातीच्या, जिथं पाणी काठावर आहे. टिपूस पडला की नाही हे ज्या फ्रेमांत होतं त्यातली एकही परत आली नाही. आल्या तेवढ्या त्यानं चिकटपट्टीनं रिळात पुन्हा जोडल्या.

प्रिंट तैपेईला जाण्याआधी देवाच्या जत्रेत शेवटची दाखवायची ठरली, आणि ग्वेतसिमबाई त्यासाठी येणार होत्या. गप्प राहणं सोपं होतं. प्रिंट जुनी, तुटली, कोण विचारणार? आदल्या दिवशी आतेक देवळात गेला, लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या आणि देवाला विचारलं, गप्प राहू का? एक उताणी, एक पालथी पडली तर देवाचा होकार. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देव हसतोय. त्यानं पुन्हा टाकल्या. पुन्हा हसला. तिसऱ्यांदा टाकायची आतेकला हिंमत झाली नाही.

ग्वेतसिमबाई दुपारच्या गाडीनं आल्या. बावन्न वर्षांची ठेंगणी बाई, हात मिठानं भेगाळलेले. ब्यो आणि आब्वान ठेवणीतले कपडे घालून आले होते. दिवे लागल्यावर देवासमोर सिनेमा सुरू झाला. बाई बाजूच्या बाकावर ताठ बसल्या. फलाट आला. शिटी वाजली. त्यांचा सव्वीस वर्षांचा चेहरा पडद्यावर आला, डोळ्याच्या काठाशी पाणी दिसलं न दिसलं, आणि रिकामा फलाट.

देवाचा सिनेमा मधे थांबवायचा नसतो. आतेकनं तो शेवटपर्यंत चालवला. मग दिवा मालवून त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. पहिल्या फ्रेमपासून मास्तरांच्या क्रियाकर्मापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना एकदाही प्रिंट जुनी होती असं म्हणाला नाही.

बाई रिकाम्या पडद्याकडे बघत होत्या. यांगबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवायला नेला, तो त्यांनी बाजूला केला.

“वीस-पंचवीस वर्षं मी गोळे वळतीये,” त्या म्हणाल्या. “रोज वाटतं, मला येत होतं का नव्हतं? एवढंच बघायचं होतं मला. आणि तुम्ही ते लोकांच्या खिशात घातलंत.”

“होय,” आतेक म्हणाला.

“तुम्ही पुरता बघितला होता?”

“कात्री लावायच्या आधी अठ्ठावीस खेळ. त्यानंतर तो कुणी पुरता बघितला न्हाई. मीसुद्धा.”

“मग पडला का?”

आतेकनं डोळे मिटले. ब्यो काहीतरी बोलायला गेला, आब्वाननं त्याचा हात दाबला.

“न्हाई,” तो म्हणाला. “पयला डबा जातो तेव्हा काठावर येतंय. दुसऱ्या डब्याला तुम्ही खालचा ओठ आत घेता. तिसरा जातो, तेव्हा हात वर जातो, हाक मारायला. मधेच थांबतो. आन तुम्ही केस मागं सारता, जणू त्याच्याचसाठी वर नेला होता. पाणी तसंच राहतंय. गाडी गेली तरी पडत न्हाई.”

बाईंचे भेगाळलेले हात मांडीवर स्थिर झाले.

“चौथा,” त्या हळूच म्हणाल्या. “चौथ्या वेळेला दिग्दर्शक काहीच बोलले नव्हते. उठून चालते झाले. मला वाटलं, वाया गेला म्हणून गेले.”

आतेकनं माफी मागितली नाही. मागून ती मिळेल असं त्याला वाटत नव्हतं, आणि बाईंनीही ती आपण होऊन दिली नाही. त्यांनी बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाल्या, “पुन्हा सांगा. सावकाश सांगा. केस मागं सारताना मी बघत कुठं होते?”

आतेक त्यांच्या डाव्या बाजूला बसला, म्हणजे त्यांचं बोलणं चांगल्या कानाला येईल असा. यांगबाईनं वही उघडली. तो पहिल्या शिटीपासून सांगायला लागला.