बँकेची फेरी

शिक्क्याच्या शाईचा वास आला की बोंडअळीने बीटी कपाशी खाल्ली ते वर्ष आठवतं. डोणगावच्या बँकेत वडिलांना मीच नेत असे. स्लिप मी भरायची, मग दोघांनी बाहेर चहा घ्यायचा. दिवाळीला पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाने त्यांच्या मोबाइलवर बँकेचं अ‍ॅप टाकलं आणि लाइटबिल घरबसल्या भरून दाखवलं. वडील मला म्हणाले, “पाय बे त्याचं डोकं. तू मले फुकट हिंडवून राह्यला होता.” ते झोंबलं. भाऊ गेल्यावर मी मुद्दाम तीनदा चुकीचा पिन टाकला आणि अ‍ॅप बंद पडलं. “चाल मंग, बँकेत जाऊ,” वडील म्हणाले. भावाने फोन करून माझीच माफी मागितली, तुला पुन्हा हेलपाटे पडले म्हणून. मी “असू दे” म्हणालो. खरं काय ते त्याला आजही सांगितलेलं नाही. सांगावंसं वाटतही नाही.