मिस व्हर्लीनचा उजवा खिसा

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. एक तर आई वाचेल आणि लगेच फोन करेल की तू राहतेस तरी कुणाकडे गं. आणि दुसरं म्हणजे, खिशात काय आहे ते कुणाला कळू नये म्हणून ज्या बाईने एवढा आटापिटा केला, तिच्या खिशाबद्दल मी जगाला सांगत सुटायचं? पण मिस व्हर्लीनना विचारलं तर बिस्किटांचा ट्रे ओव्हनमध्ये सरकवत म्हणाल्या, "लिही की. फक्त मी जाडी दिसते असं लिहू नकोस." म्हणून लिहितेय, सगळं एका दमात, चुकलं तर चुकलं.

मिस व्हर्लीन म्हणजे व्हर्लीन स्टबलफील्ड. टेनेसीच्या डोंगरातल्या आमच्या गावात घरं विकून देतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी अलाबामात, आणि वरच्या खोलीत मी, कॉलेज सुरू झाल्यापासूनची भाडेकरू. वय साठीच्या पुढे, अंगठे संधिवाताने सुजलेले, पण लिपस्टिक रोज. रविवारी चर्चच्या दारात उभं राहून लोकांचं स्वागत करायचं काम त्यांचंच, आणि त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात कायम पेपरमिंट. गावातली सगळी पोरं त्या खिशावर वाढलीत. विचारायचं वगैरे काही नाही, धावत यायचं आणि सरळ हात घालायचा. आता दाढीमिशा फुटलेले बाप्येसुद्धा जाता जाता हात घालतात आणि त्या "चोरा!" म्हणून फटका मारतात.

तर मार्चमध्ये एका माणसाचा फोन आला. गेन्स नाव सांगितलं. घर बघायचंय म्हणाला, पण रिकामंच हवं, राहतं नको. आणि गावाबाहेरचं. मग विचारलं, "तुम्ही स्वतः दाखवणार ना? एकट्याच?" मिस व्हर्लीन हसून हो म्हणाल्या. धंद्याची सवय, गिऱ्हाइकाला हो म्हणायचं. फोन ठेवला आणि हसू गेलं.

त्याने पुन्हा फोन केला. मग पुन्हा. या फोनवर घराची किंमत विचारली नाही, छप्पर गळतं का ते नाही, विहिरीचं पाणी कसं आहे ते नाही. फक्त, मिस व्हर्लीन, तुम्ही कधी येताय. त्या कधी गाडी बिघडली म्हणायच्या, कधी किल्ली मालकाकडे आहे म्हणायच्या. शेजारच्या काउंटीत एका बाईला असंच गिऱ्हाईक बनून आलेल्या माणसाने रिकाम्या घरात कोंडलं होतं, बिचारी न्हाणीघराच्या खिडकीतून निसटली, हे आम्हाला दोघींना माहीत होतं आणि दोघी बोलत नव्हतो. मी म्हटलं, जाऊच नका ना! तर म्हणाल्या, "आज याला नाही म्हणेन. उद्या दुसऱ्याला घाबरेन. मग घरं काय खिडकीतून दाखवू?" शेवटी त्याला सोमवार दिला. आणि शनिवारी मला म्हणाल्या, "चल, डॉइलकडे."

डॉइलचं बंदुकांचं दुकान, आणि डॉइल हा त्यांचा शाळेतला वर्गमित्र. मिस व्हर्लीन आत शिरल्या त्या हातावर तीन जाकिटं आणि दोन पँट टाकून.

"व्हर्लीन, ड्रायक्लीनर पलीकडच्या गल्लीत आहे," डॉइल म्हणाला.

"गप. खिशात मावेल असं काहीतरी दाखव."

त्याने काचेखालून एक इवलंसं पिस्तूल काढलं, गुलाबी मुठीचं. "बायका हेच नेतात."

"मग बायकांना दे. मला घर दाखवायला जायचंय, बार्बीच्या लग्नाला नाही."

मी हसले. त्यांनी तेच पिस्तूल काळ्या मुठीचं मागून घेतलं. तळहाताएवढं, गोड दिसत होतं अगदी. मलाही वाटलं, छोटं म्हणजे सोपं. काडतूस आत जायला वरचा भाग मागे ओढावा लागतो, तो त्यांना ओढताच येईना. दुखऱ्या अंगठ्याने ओढलं, दात आवळून ओढलं, डोळ्यांत पाणी आलं. डॉइलची चेष्टा तिथे थांबली. दुकानामागच्या नेमबाजीच्या सरावाच्या जागेत नेऊन त्याने स्वतः ओढून हातात दिलं. एकदाच उडवलं आणि मिस व्हर्लीननी ते खाली ठेवून हात काखेत दाबला.

"जेवढं लहान तेवढं लाथ मारतं," डॉइल म्हणाला. "वजनच नाही ना त्याला, सगळा झटका तुझ्या हातात. आणि करंगळी बघ, हवेत लोंबतेय."

"हे दाखवतानाच सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? शाळेत कधी ऐकलंस?"

मग एक चाकाचं रिव्हॉल्वर झालं. त्यात ओढायचं काही नाही, पण चाप इतका जड की बोट वाकेपर्यंत हात हलायचा, आणि पँटच्या खिशात ठेवलं तर मांडीला गळू झाल्यासारखं दिसायचं. त्या आरशासमोर जाकिटं बदलत राहिल्या. बसून बघितलं, वाकून बघितलं, गाडीत बसून पट्टा लावून बघितलं. शेवटी जे ठरलं ते पहिल्यापेक्षा जरा मोठं, चपटं, मऊ स्प्रिंगचं. करंगळीला जागा होती. अंगठ्याऐवजी पूर्ण तळव्याने धरून ओढलं आणि सरकलं! त्यांनी माझ्याकडे असं बघितलं ना, मला रडूच आलं.

डॉइलने चापावर घट्ट बसणारं चामड्याचं कव्हर दिलं आणि बोट नाचवत बजावलं, "कव्हराशिवाय खिशात नाही. आणि त्या खिशात दुसरं काही नाही. किल्ली नाही, रुमाल नाही, काही नाही. आणि सोमवारची वाट बघू नको, आत्तापासून खिशात घालून फिर, हाताला सवय हवी."

मिस व्हर्लीननी सगळं ऐकलं. अगदी सगळं. इथेच तर घोळ झाला.

रविवारी त्या कोट घालून चर्चला निघाल्या. आमच्या चर्चमध्ये निम्म्या पुरुषांच्या कमरेला काहीतरी असतंच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. उजव्या हाताच्या म्हणून पिस्तूल उजव्या खिशात. खिशात दुसरं काही नको म्हणून पेपरमिंट डाव्या खिशात. गाडीत मला खिसे थोपटून दाखवले, शहाण्या मुलीसारखं.

दारात आम्ही उभ्या होतो. त्या कुणाच्या तरी आजारी सासूची चौकशी करत होत्या. आणि पोझी आली. पाच वर्षांची, पुढचे दात पडलेली, पायऱ्यांवरून धावत, आणि तिने नेहमीसारखा हात घातला. उजव्या खिशात.

मला ओरडताच आलं नाही. मिस व्हर्लीननी कोटावरूनच तिचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की पोर कळवळली. "सोड. बाळा, बोटं सोड. हळू." हात बाहेर आला. रिकामा. कव्हर जागचं हललं नव्हतं, चाप झाकलेलाच होता. पोझी भोकाड पसरून म्हणाली, "तुम्ही मला चोर पण नाही म्हणालात!"

मिस व्हर्लीननी डाव्या खिशातली सगळी पेपरमिंटं तिच्या ओंजळीत ओतली आणि चर्चमध्ये न जाता गाडीत जाऊन बसल्या. तोंड पांढरं पडलेलं. डॉइलही चर्चला आला होता, त्याने सगळं बघितलं होतं; तो मागोमाग आला. मला वाटलं आता ओरडणार. तो खिडकीशी वाकून म्हणाला, "चूक माझी पण आहे. तू पिस्तूल निवडलंस व्हर्लीन, खिसा नाही निवडलास. त्या खिशात गावाचा हात असतो हे मला माहीत होतं."

"परत घे ते."

"घेतो. पण उद्या काय करशील?"

पिस्तूल न देताच त्यांनी गाडी सुरू केली. घरी येऊन पिस्तूल कुलपाच्या पेटीत टाकलं, कोटाचा उजवा खिसा पुन्हा पेपरमिंटने भरला आणि निळं कामाचं जाकीट बाहेर काढलं. त्याच्या खिशात आजवर कुणी हात घातलेला नव्हता. जेवल्या नाहीत. मी म्हटलं, उद्या मी येणार. "तुझं कॉलेज?" म्हटलं, खड्ड्यात गेलं. त्या नको नको म्हणत राहिल्या, पण सकाळी गाडीचं माझ्या बाजूचं दार त्यांनीच उघडून ठेवलं होतं.

ते घर जुन्या लाकूडगिरणीच्या रस्त्यावर होतं. आम्ही आत गेलोच नाही. अंगणात गाडीला टेकून उभ्या राहिलो, त्यांचा उजवा हात निळ्या जाकिटाच्या खिशात, पिस्तुलावर, माझ्या हातात निरुपयोगी छत्री. मग करड्या रंगाची एक पिकअप आली. वळणावर हळू झाली. आत टोपीवाला माणूस, त्याने आमच्याकडे बघितलं, आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. थांबला नाही. निघून गेला.

लगेच फोन वाजला. मिस व्हर्लीननी स्पीकर लावला.

"तुम्ही एकट्या येणार म्हणाला होतात," एवढंच. बंद.

तिथून सरळ पोलिसांकडे गेलो, शेरीफच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. तो नंबर आता लागत नाही. कोण होता, काय करणार होता, काहीच कळलं नाही, आणि मला वाटतं ते न कळणंच त्यांना जास्त खातं. पिस्तूल आता निळ्या जाकिटातच असतं. चर्चचा कोट वेगळ्या कपाटात. निघताना मात्र दोन्ही खिसे तपासतात, कुलूप लावून परत येतात, पुन्हा तपासतात.

उन्हाळ्यात मी कामासाठी नॅशव्हिलला जाणार आहे. त्या म्हणतात, जा गं, मी काय म्हातारी झालेय का. आणि तरी संध्याकाळी मी जिन्यावरून उतरले की दचकतात.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल असं, एकटं काम करणारं, फोनवर हसून हो म्हणणारं. फोन नका करू, फोनवर ते हसतीलच. या आठवड्यातच जाऊन भेटा त्यांना. आणि दारात पोचल्यावर बेल वाजवायच्या आधी आपलं नाव मोठ्याने सांगा.