सोयाचे म्हणून केलेले मांडू

सारंग खोटं बोलत नसे असं म्हणावं, तर तेच खोटं ठरायचं. बारा वर्षं तो आयर्लंडमध्ये मलिंगारला राहत होता आणि बारा वर्षं पुण्याला आईला फोनवर सांगत होता, "बाहेर सॅलड खातो गं." सॅलड कसलं डोंबलाचं! कारखान्याच्या कँटीनमध्ये दर गुरुवारी बीफ स्ट्यू असायचा आणि हा पठ्ठ्या दोनदा वाढून घ्यायचा. कामाच्या बाबतीत मात्र भारी काटेकोर. हृदयात बसवायच्या नळ्या तपासायचं त्याचं काम. केसाएवढा ओरखडा दिसला तरी नळी बाद.

२०२० च्या फेब्रुवारीत आई, म्हणजे सुहासिनीबाई, दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि विमानंच बंद झाली. वर्ष झालं, त्या इथेच होत्या. अंड्याला न शिवणारी बाई परक्या देशात अडकली, म्हणजे काय हाल! पाकिटांवरचं बारीक इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. बिस्किट असो, दही असो, पाकीट सारंगपुढे धरून विचारायच्या, "आपल्याला चालतं ना रे?" तो "चालतं" म्हणाला की मगच तोंडात घालायच्या. सुनेला नाही, नातीला नाही, त्यालाच विचारायच्या.

नाताळानंतर सगळ्या घराला कोविड झाला. बाकीचे बरे झाले, पण सुहासिनीबाईंना वास येईनासा झाला तो झालाच. चहा म्हणजे गरम पाणी आणि वरणभात म्हणजे ओला कापूस झाला. रोज सकाळी हिंगाची डबी नाकाशी धरायच्या आणि पुन्हा झाकण लावायच्या. सारंगला बघवत नसे.

आणि तरीही बघा, त्याच्या डोक्यात काय यावं! फेब्रुवारीत उल्काचा, त्याच्या मुलीचा, बारावा वाढदिवस होता. शाळा बंद, मैत्रिणी बंद, पोरगी दिवसभर कोरियन मालिका बघायची. तिला मालिकेतले मांडू, म्हणजे तिखट सारणाच्या कोरियन करंज्या, हव्या होत्या, बीफच्याच. पूर्णिमा, त्याची बायको, हॉस्पिटलात ड्युटीवर निघताना म्हणाली, "सोयाचा खिमा घाल. आई घरात आहेत. मी यात नाही हं!" सारंग हो हो म्हणाला. आणि मग त्याच्या मनात आलं, आईला कुठे वास येतोय? दुपारी ती झोपली की उरकून टाकू.

आईला वास येत नाही, याच जोरावर त्याने बीफ आणलं. ही गोष्ट त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली आणि आठवली की स्वतःची किळस यायची.

त्याने खिम्यात पिळून घेतलेला कोबी, कोथिंबीर, आलं, सोया सॉस, तिळाचं तेल घातलं. मैदा गरम पाण्यात मळून पाऱ्या लाटल्या. पहिलीच पारी दुमडताना फाटली, दुसरीही फाटली. तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, करंज्या कधी कुणी एकट्याने करतं का?"

सुहासिनीबाई उठल्या होत्या. सारण बघून म्हणाल्या, "हे काय घातलंयस?"

"सोया," सारंग म्हणाला. पटकन, सहज. खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाच दचकायला झालं.

झालं! त्यांनी पदर खोचला आणि बसल्याच. करंजीची मुरड घालावी ती त्यांनीच. वर्षभर या घरात "आई, राहू दे, मी करतो" ऐकून कंटाळलेले हात झरझर चालायला लागले. सारण चिमटीने भरत होत्या, बोटं सारणाने माखली होती, आणि त्या हसत होत्या. "मीठ बघू नकोस हं, आधी देवाला." आत्ता सांगावं, असं त्याला प्रत्येक मांडूला वाटलं. तीस मांडू झाले, तरी त्याची जीभ काही रेटली नाही.

पहिला घाणा कढईत सोडला. चर्र झालं. सुहासिनीबाई कढईवर वाकल्या आणि त्यांनी सारंगचा दंड घट्ट धरला.

"सारंग! वास येतोय मला!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "काय खमंग वास आहे रे! उल्का, अगं खाली ये, आजीला वास आला!"

"दॅट्स ग्रँड, आजी!" वरून उल्का ओरडली.

सुहासिनीबाईंनी तीन मांडू चांदीच्या वाटीत काढले, डोळे पुसले आणि खिडकीतल्या देवांकडे निघाल्या. सारंग गप्प बसला असता तर कुणालाही, कधीही कळलं नसतं. आई सुखात राहिली असती. पण ती वाटी देवापुढे जाताना त्याला बघवेना. तो आडवा आला.

"आई, ते सोया नाही. बीफ आहे."

"म्हणजे काय?"

त्याला ते मराठीत म्हणावं लागलं. "गाईचं मांस."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं रे देवा! त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, गॅस बंद केला आणि नळाखाली हात धरले. साबण लावला. हात नाकाशी नेले, पुन्हा लावला. मग लिंबू चिरून बोटाबोटांत चोळलं. सारंग बाजूला उभा होता, "आई, चुकलो" म्हणत होता, आणि त्या ऐकत होत्या की नाही हेही कळत नव्हतं.

"जात नाही रे वास," शेवटी त्या म्हणाल्या. ओले हात त्यांनी लहान मुलीसारखे त्याच्यापुढे धरले. "तू बघ."

त्याने वाकून हुंगलं. नुसता लिंबाचा वास होता, दुसरा कसलाही नाही. "गेलाय, आई," तो म्हणाला. "खरंच गेलाय."

सुहासिनीबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "हो का?" म्हणाल्या, आणि पुन्हा नळ सोडला.