सोनाक्काच्या नातवाचं वजन

वजन पुन्हा कमीच भरलं. मी बाळाला झोळीतून काढलं, रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर येतो का ते पाहिलं, बाळाला परत ठेवलं. तेवढंच! जन्मताना पोरगं सहा पौंडांचं होतं. महिना होत आला तरी तेसुद्धा टिकलं नव्हतं. रडणंही बारीक झालेलं. आम्हाला मोठ्याने रडणाऱ्या पोराची काळजी नसते, गप्प पडणाऱ्याची असते.

हे सांगलीचं, दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाचं. मी बायकांच्या एका दवाखान्यात मिडवाइफ होते. मिडवाइफ म्हणजे शिकलेली सुईण म्हणा. शिकलेली म्हणजे तरी काय, शाळा चौथीपर्यंत, बाकीचं आमच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली बघून बघून.

बाळाला घेऊन आली होती त्याची आजी, सोनाक्का. माणसं मूळची जतकडची, कोरड्या भागातली. मुलगा माधवनगरच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा म्हणून इकडे आलेली. सून हिरा घरी. दर खेपेला सोनाक्काच यायची आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं तीच द्यायची.

“सुनेला खायला काय देता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“इचारू नका! आळिवाची खीर, डिंकाचं लाडू, बाळंतशेपा. तिच्यापायी घरात दुसऱ्या कुनाला तूप दिसू दिलं न्हाई म्या.”

“शतावरी?”

“ती बी हाय. दुधातनं. दोन टाइम.”

शतावरी ही एक मुळी आहे. दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला देतात. म्हणजे जे द्यायचं ते सगळं चालू होतं.

“मग दूध का येत नाही?”

“तेच म्हंते मी. तिच्या अंगातच न्हाई, दुसरं काय! माझा ल्योक म्हंतो डब्याचं आनू.”

डब्याचं दूध त्या दिवसांत औषधालासुद्धा मिळत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सुनेलाच घेऊन या इथे. मला बघू दे.”

“सव्वा म्हैना व्हायच्या आत बाळंतीन उंबरा वलांडती व्हय? काय बोलताय बाई!”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. गाईचं दूध पाणी घालून, उकळून, चमच्याने पाजायला सांगितलं. सोनाक्का गेल्यावर मला म्हणाल्या, “तू उद्या जाऊन ये. हे पोरगं असंच सुकत राहिलं तर हातचं जाईल.”

टांग्याने माधवनगरला गेले. उन्हाळा नुसता रखरखत होता, आणि त्यात बाळंतिणीची खोली. खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, वर ओव्याची धुरी. माझे डोळे चुरचुरायला लागले. पण त्या धुरातही मला मोगऱ्याचा वास आला.

“कोणी गजरा माळलाय का गं?” मी विचारलं.

“बाळंतिनीच्या खोलीत गजरा? कायतरीच तुमचं!” सोनाक्का म्हणाली.

खरं होतं. हिराचं डोकं कान झाकून फडक्याने बांधलेलं. सोनाक्का विधवा, ती फुलं माळायची नाही. मग वास कुठून?

मी हिराला म्हटलं, “बाळाला अंगावर घे बघू माझ्यासमोर.” तिने सासूकडे पाहिलं, मग चोळीची गाठ सोडली. आत जुन्या धोतराचा पट्टा करकचून गुंडाळलेला. तो उलगडला तशी मोगऱ्याची फुलं भसाभसा मांडीवर पडली. काही ताजी, काही तपकिरी पडलेली.

हे काय आहे ते सांगते. आमच्या सांगली-मिरजेकडे मूल दगावलं किंवा अंगावरचं पाजणं तोडायचं असलं, की जुन्या बायका छातीवर मोगरा बांधतात. त्याने दूध आटतं. फुलाने आटतं की करकचून बांधण्याने, ते मला आजही सांगता यायचं नाही. पण आटलेलं मी पाहिलं आहे.

“आक्का, हे कशाला बांधलंत?”

“का? लय गुन आला की! पाचव्या दिशी छाती दगडावानी झालती. पोराला तोंड लावू देईना, नुसती वरडायची. मोगरा बांधला आनि दुखायचं थांबलं. तवापास्नं रोज ताजा बांधतोय.”

“दुखायचं थांबलं, तसं दूधही थांबलं. दूध आटवायलाच बांधतात हा.”

सोनाक्का फुलं गोळा करायला लागली. “आमच्या जतकडं मोगरा देवाला बी मिळत न्हाई. मला काय ठावं?” आणि एकदम तिचा चेहरा बदलला. “ती सुंद्री! तिनं सांगितलं हे!”

सुंद्रा शेजारच्या खोलीतली. दोन महिन्यांमागे तिला मेलेलं मूल झालं होतं.

सोनाक्का दारात जाऊन ओरडली, “सुंद्रे! भाईर ये! तुझं गेलं म्हनून माझ्या नातवावर उठलीस व्हय गं?”

सुंद्रा आली. हात पिठाचे. “मावशी, तुमी इचारलं, छाती दुखायची कशानं थांबली? मी सांगितलं. कुनासाठी पायजे ते बोलला का तुमी?”

“मग तू इचारायचं न्हाईस?”

“मी? तुमच्या दाराकडं बघितलं तरी माझी नजर लागंल म्हनता समदी. मी कशी इचारू?” ती थोडी थांबली. “माझं आटवलं नसतं तर पाजलं असतं की त्याला.”

आणि ती आत गेली. मी म्हटलं, “आक्का, पाणी गरम करा आधी.”

गरम पाण्याच्या फडक्याने छाती शेकली, हाताने पिळून बघितली. जेमतेम थेंब. बाळाला लावलं. ते ओढायचं, रडायचं, पुन्हा ओढायचं. हिराही रडायला लागली. “आता येनार न्हाई व्हय, बाई?”

“ओढू दे त्याला. कंटाळलं की दुसऱ्या बाजूला घे. आणि पट्टा पुन्हा बांधायचा नाही.”

पोर जितकं ओढेल तितकं दूध येतं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, शतावरी चालू ठेवा, पण खरं औषध पोराचं तोंड.

मी एक दिवसाआड जात राहिले. पहिल्या काही खेपांना मला तोंड दाखवायची लाज वाटायची, इतकं थोडं यायचं. मग एकदा हिराने मला चोळी दाखवली. ओली झाली होती. पूर्ण दूध काही परत आलं नाही, उष्टावणापर्यंत गाईच्या दुधाचे चमचे चालूच राहिले. पण काटा खाली जायचा थांबला आणि हळूहळू वर सरकला.

सव्वा महिना झाल्यावर सगळी दवाखान्यात आली. बाळ सुंद्राच्या हातात होतं. “माझी कंबर धरलीया, म्हनून हिला आनली,” सोनाक्का म्हणाली. कंबर धरलेली मला काही दिसली नाही. चांगली तरातरा चालत होती.

त्यानंतर बाळंतिणीला काय खायला देता, एवढ्यावर मी कधी थांबले नाही. काय बांधलंय, काय लावलंय, तेही विचारायचे. आणि अमुक केलं नि दुखायचं थांबलं असं कोणी कौतुकाने सांगितलं, तर मी विचारायचे, त्याच्याबरोबर आणखी काय थांबलं?