वॉरंटी संपायची वाट

धाकट्या भावाची जुनी गाडी खोकत यायची. गल्लीच्या तोंडाशी तो खोकला ऐकला की मिस्त्री गॅरेजमधून घरात ओरडायचा, "चहात पाणी वाढव गं, तुझा दीर आला."

त्या खटाऱ्यानं भावाला दर रविवारी इथं ओढून आणलं. कधी रेडिएटर गळायचा, कधी सेल्फ रुसायचा. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालायचा, धाकटा बॅटरी धरायचा, आणि उजेड हमखास भलतीकडे. "अरे, माझ्या नाकात काय बघतोस? नट बघ, नट!" मग आईवरून, घराच्या वाटणीवरून, शाळेत खाल्लेल्या मारावरून बोलणं निघायचं. भांडणंही व्हायची. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे, आणि दुपार कधी कलली ते कळायचं नाही.

मग धाकट्यानं नवी कोरी गाडी घेतली. मिस्त्रीनं हौसेनं बॉनेटला हात घातला, तर तो कसनुसा हसला. "दादा, उघडू नको. बाहेरचा हात लागला तर वॉरंटी जाते म्हणाले."

बाहेरचा हात! ह्याच हातानं त्याचा शेंबूड पुसला होता. मिस्त्रीनं तो हात फडक्याला पुसला. आता गाडी बिघडेना, म्हणून भाऊ येईना. आलाच तर उभ्याउभ्या, पायातले बूट न काढता. मिस्त्रीनं त्या गाडीला बसणारा ऑइल फिल्टर आणून फळीवर ठेवला आणि वॉरंटी संपायची वाट बघत बसला. बायको म्हणायची, "पोराचा पत्ता नाही आणि तुम्ही पाळणा आणून ठेवलाय."

वॉरंटी संपत आली तेव्हा धाकटा आला. बाहेर भुरभुर चालली होती आणि वायपर काचेवर कुईकुई करत होता.

"दादा, कंपनीवाले मागे लागलेत. पैसे भरून वॉरंटी वाढवा म्हणतात. ही म्हणाली, दादांना विचारा. घेऊ की नको?"

नको रे, लुटतात. एवढंच म्हटलं की रविवार परत मिळणार होते. मिस्त्री पाना पुसत राहिला. पुसलेलाच पुसत राहिला.

"झिजणारं काही त्यात येत नाही हां," तो म्हणाला. "ब्रेकचे पॅड, टायर, वायपर. ते तुझ्याच खिशातून."

"मग काय उपयोग? नकोच घ्यायला."

झालं होतं की काम! आतला भांड्यांचा आवाजही थांबला.

"लवकर विकणार आहेस का ही?" मिस्त्रीनं विचारलं.

"छे. आता हीच चालवायची, मोडेपर्यंत."

"आणि गिअर आपोआप पडतात ना हिचे?"

"हो."

"मग घे. तो गिअरबॉक्स बसला तर तुझी सगळी बचत गिळेल. आणि तो उघडणं माझ्या हातातलं नाही. साधे गिअर असते, लवकर विकायची असती, तर म्हटलं असतं पैसे राख. हिला घे."

धाकट्याचा चेहरा मोकळा झाला. "सुटलो बाबा! म्हणजे तुलाही त्रास नाही."

"नाही ना. मला कसला त्रास."

धाकटा किल्ली खेळवत निघाला. गाडीचं दार उघडलं तेवढ्यात मिस्त्री मागून आला. "थांब. वायपर रडतोय तुझा. रबर बदलतो. त्याला काही कुणाला विचारावं लागत नाही."

पाच मिनिटांचं काम. मिस्त्रीनं काच पुसली, मग पुन्हा पुसली. धाकटा त्याच्यावर छत्री धरून उभा राहिला, आणि छत्री हमखास भलतीकडे.

"अरे गाढवा, पाणी माझ्या मानेत चाललंय!"

"तुझी मानच मध्ये येते दादा, लहानपणापासून."

एक रबर बसलं. दुसरं तसंच ठेवून मिस्त्रीनं हात पुसले. "जोडी नाही माझ्याकडे. दुसरं मागवतो. पुढच्या रविवारी ये."

बायको दारात उभी होती. तिच्या डोक्याशीच खिळ्याला वायपरच्या रबरांची अख्खी जुडी लटकत होती. तिनं जुडीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"भावजी," ती म्हणाली, "जेवायलाच या. सामान यायला कधीकधी उशीर होतो."