पडद्यामागचा कामगार मध्येच थांबल्याबाबत

अर्जदार: मी स्वतः, अकोल्याच्या तहसील कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस; शिक्षण नववी, अनुभव सत्तावीस वर्षे. गैरअर्जदार: माझी सख्खी पुतणी, राहणार अमरावती, धंदा वेबसाइट बनवणे. साक्षीदार: हिवरखेडच्या शिवणकाम करणाऱ्या एक बाई आणि शेजारचा झेरॉक्सवाला. दिनांक: वसतिगृहाचे अर्ज घेण्याचा शेवटचा दिवस, मुदत सायंकाळी पाचपर्यंत.

हकीकत अशी की, सदर बाईंच्या मुलीस अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. परंतु वसतिगृहात जागा न मिळाल्यास तिचे शिक्षण तिथेच थांबणार होते. वसतिगृहाच्या अर्जाचे वेबसाइटवरचे पान पुतणीनेच तयार केलेले. पूर्वी त्यावर कागद जोडले की, ते लहान करून पाठवेपर्यंत पान गोठत असे. ना अक्षर उमटे, ना बटण दबे. याविषयी मी तिच्याकडे तीन लेखी तक्रारी केल्या. त्यांची दखल घेऊन तिने जावास्क्रिप्ट या संगणकी भाषेतला वेब वर्कर, म्हणजे पानामागे राबणारा कामगार, बसवला आणि फोनवर खुलासा केला, "काका, समजा तुमी समोर लिहून राहिले अन् मागच्या खोलीत दुसरा माणूस गठ्ठे बांधून पाठवून राहिला. तुमचा हात अडत नाही."

उपमा मला रास्त वाटली.

त्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी मी अकरा कागद जोडले. पान मुळीच अडले नाही. उरलेले रकाने भरले, मजकूर बाईंना मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या व्यवसायाचा दंडक असा की, वाचन संपताच दप्तर मिटावे. उघड्या कागदावर परक्याची नजर पडते. त्यानुसार मी टॅब बंद केली आणि पुढच्या पक्षकारास हात केला.

"मुन्शीजी, पोहोच तर आली नाही," बाई म्हणाल्या.

"येईल. मागे माणूस काम करतो आहे."

पावणेपाच वाजत आले. बाई ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत माझ्याकडे एकटक पाहत होत्या. मी पुतणीस फोन लावला.

"टॅब बंद केली? काहून?"

"काम तुझ्या माणसावर सोपवले होते."

"अवो काका, तुमी खोलीच पाडली अन् म्हणता आत माणूस काम करून राहिला! पान बंद झालं की वर्करबी संपला. चार कागद आले, सात राहिले. पुन्हा लावा, अन् पोहोच येईपर्यंत दोनी हात मांडीखाली ठेवा."

झेरॉक्सवाला हसला, हेही नमूद करतो.

मी सर्व कागद पुन्हा जोडले, रकाने पुन्हा भरले, आणि खरोखरच हात मांडीखाली घेऊन बसलो. पडद्यावरचे आकडे बाई मोठ्याने वाचत होत्या, "आठ... नौ... मुन्शीजी, हलू नका." पाचला सहा मिनिटे असताना पोहोच क्रमांक उमटला. बाईंनी तो माझ्यावर न सोडता स्वतःच्या हाताने उतरवून घेतला आणि म्हणाल्या, "आता मिटा तुमचं दप्तर."

मुलगी सध्या त्याच वसतिगृहात राहते.

सबब विनंती की, कागद जात असताना कोणी टॅब मिटू लागल्यास पानाने त्यास आधी विचारावे, अशी सोय गैरअर्जदाराने करावी आणि तसे अर्जदारास लेखी कळवावे. फोनवर हसणे हे उत्तर म्हणून ग्राह्य धरले जाणार नाही.